गळ्यातला नेकबँड : घडण आणि टिकाऊपणाची तुलना

नवी मुंबई : पनवेलहून सकाळी सुटणाऱ्या लोकलचा डबा खारघर-बेलापूरपर्यंत भरून जातो, तेव्हा उभ्या प्रवाशांच्या गळ्यात एक वस्तू हमखास दिसते. मानेभोवती रबरी पट्टी, तिच्या दोन टोकांना लहानशा डब्या आणि तिथून कानापर्यंत जाणाऱ्या दोन आखूड वायरी. यालाच बाजारात 'वायरलेस नेकबँड' म्हणतात. मुंबईला जोडणारा लोहमार्ग १९९२ मध्ये वाशीला आणि १९९८ मध्ये पनवेलला पोहोचला. तेव्हापासून पनवेल ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा सुमारे सव्वा तासाचा प्रवास हजारो नोकरदारांच्या दिनक्रमाचा भाग झाला. आधी वॉकमन, मग मोबाइलला जोडलेला वायरचा इअरफोन आणि आता नेकबँड, अशी या प्रवासातील सोबत्यांची परंपरा सांगता येईल.

मात्र हा सोबती किती दिवस टिकतो, याबाबत ग्राहकांची नाराजी मोठी आहे. 'एकच कान वाजतो', 'चार्ज होत नाही', 'पावसात गेला' ही तीन वाक्ये मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात ऐकू येतात. हजार ते अडीच हजार रुपयांची ही वस्तू नाहीशी झाल्याने कुणाचे घर बसत नाही. तथापि दर वर्षी नवी घेण्याची वेळ आली तर चार-पाच वर्षांत तीच रक्कम एखाद्या साध्या स्मार्टफोनएवढी होते. ज्यांचा व्यवसायच फोनवर चालतो, अशा घरपोच सामान पोहोचविणाऱ्या तरुणांना किंवा ऐरोली, महापे, घणसोली येथील कार्यालयांतून दिवसभर बैठकांत भाग घेणाऱ्या कर्मचाऱ्यांना तर नेकबँड अचानक बंद पडणे म्हणजे कामाचा खोळंबा होय. म्हणूनच जाहिरातीतील आकड्यांपलीकडे जाऊन नेकबँडची घडण कशी असते, कोणता प्रकार कुठे कमी पडतो आणि येथील दमट, खाऱ्या हवेत काय टिकते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

नेकबँड आला कुठून?

सोनी कंपनीचा वॉकमन जपानमध्ये १९७९ मध्ये बाजारात आला आणि चालता चालता संगीत ऐकण्याची सवय जगाला लागली. बिनतारी जोडणीसाठीचे 'ब्लूटूथ' तंत्र एरिक्सन कंपनीत १९९० च्या दशकात आकाराला आले आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम व तोशिबा या कंपन्यांनी त्याच्या प्रसारासाठी एकत्रित गट स्थापन केला. सुरुवातीला ब्लूटूथचा वापर एका कानात लावायच्या संभाषणयंत्रापुरताच होता. दोन्ही कानांसाठी बॅटरी, बटणे आणि अँटेना कुठे ठेवायची, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर मानेवर सापडले. एलजी कंपनीच्या 'टोन' मालिकेने हा आकार लोकप्रिय केला.

अ‍ॅपल कंपनीने सप्टेंबर २०१६ मध्ये आयफोन ७ मधून इअरफोनचे गोल छिद्र काढून टाकले आणि पुढील वर्षांत इतर कंपन्यांनीही तोच मार्ग धरला. भारतात या बदलाचा सर्वाधिक लाभ नेकबँडला झाला. वनप्लसचा 'बुलेट्स वायरलेस' २०१८ मध्ये आणि रिअलमीचा 'बड्स वायरलेस' ऑगस्ट २०१९ मध्ये आला. २०१६ मध्ये व्यवसाय सुरू करणाऱ्या 'बोट' या भारतीय ब्रँडने 'रॉकर्झ' मालिकेद्वारे हा प्रकार मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आणला. नंतर पूर्णपणे बिनवायरी, डबीत ठेवायच्या इअरबड्सची लाट आली. तरीही लोकलच्या गर्दीत कानातून निसटला तरी गळ्यातच राहणारा नेकबँड अनेकांना अधिक भरवशाचा वाटतो.

घडणीचे तीन प्रकार

दुकानात मांडलेले नेकबँड वरवर सारखे दिसले तरी त्यांची घडण ढोबळमानाने तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार कडक नालेचा. घोड्याच्या नालेसारखा हा आकार प्लास्टिकचा असून मानेवर तो स्वतःच्या बळावर बसतो. एलजीचे सुरुवातीचे 'टोन', सॅमसंगचा २०१५ मधील 'लेव्हल यू' आणि सोनीचा २०१७ मधील 'डब्ल्यूआय-१०००एक्स' ही याची उदाहरणे. आत जागा भरपूर असल्याने बॅटरी मोठी बसते आणि विद्युतपट्टीला वाकण्याचा ताण सोसावा लागत नाही. उणीव अशी, की हा नेकबँड घडी होत नाही. पिशवीत डब्याखाली दबला किंवा गर्दीत एखाद्याच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकला, की प्लास्टिकला तडा जातो. काही नमुन्यांत कानाच्या वायरी आत गुंडाळल्या जातात. ती सोय छान असली तरी फिरते भाग जितके अधिक, तितक्या बिघाडाच्या जागाही अधिक, हा यंत्रशास्त्राचा जुना नियम तिथेही लागू होतो.

दुसरा प्रकार लवचीक पट्टीचा. मधली पट्टी सिलिकॉनसारख्या मऊ पदार्थाची आणि दोन टोकांना लांबट डब्या, अशी ही रचना सध्या सर्वाधिक खपते. बोट, वनप्लस, रिअलमी यांचे बहुतेक नमुने याच घडणीचे आहेत. पट्टी पुन्हा मूळ आकारात यावी म्हणून आत धातूची बारीक तार असते. महाग नमुन्यांत ही तार निकेल व टायटॅनियमच्या 'निटिनॉल' या मिश्रधातूची असते. १९५९ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत निटिनॉलचा शोध लागला. साध्या पोलादाच्या तुलनेत कितीतरी अधिक वाकूनही तो पूर्वस्थितीत येतो. बीट्स कंपनीच्या २०१७ मधील 'बीट्सएक्स'मध्ये या धातूचा वापर झाला होता. स्वस्त नमुन्यांत साधी पोलादी तार असते आणि वारंवार मुरगळल्यास ती कायमची वाकडी होते. क्वचित तिचे टोक मऊ आवरण भेदून बाहेरही येते.

तिसरा प्रकार नुसत्या वायरीचा. यात मानेमागे पट्टी नसते. साधी वायर आणि तिच्यावर दोन छोट्या डब्या एवढाच कारभार. सोनीचा 'डब्ल्यूआय-सी१००' या घडणीच्या जवळ जातो. वजनाला हलका, खिशात मावणारा आणि गळ्यात असल्याचे जाणवू न देणारा असा हा प्रकार आहे. मात्र डब्यांचे वजन सतत वायरीवर लटकत असल्यामुळे वायर व डबी यांच्या सांध्यावर ताण येतो. शिवाय शर्टाच्या कॉलरखाली तो सरकतो आणि एका बाजूला ओढला जातो.

लवचीक पट्टीच्या प्रकारात एक गोष्ट ग्राहकाला सहसा ठाऊक नसते. अनेक नमुन्यांत बॅटरी एका डबीत आणि बटणे, चिप व चार्जिंगचे छिद्र दुसऱ्या डबीत असते. दोहोंना जोडणाऱ्या केसासारख्या बारीक तारा मानेमागच्या पट्टीतून जातात. त्यामुळे पट्टी आवळून गुंडाळली तर केवळ आवाजच नव्हे, तर वीजपुरवठाही तुटू शकतो. 'काल चालत होता, आज सुरूच होत नाही' या तक्रारीमागे कित्येकदा हेच कारण असते.

मोडतो तो कुठे?

नेकबँडचे आयुष्य त्याच्या सर्वात दुर्बळ सांध्याएवढेच असते. बिघाडाच्या जागा मुख्यतः पाच.

पहिली जागा वायर जिथे डबीतून किंवा कानाच्या बोंडातून बाहेर पडते ती. इअरफोनच्या वायरीत तांब्याच्या अतिशय बारीक तारा असून चांगल्या वायरीत त्यांच्याबरोबर नायलॉनसारखे बळकट धागे पिळलेले असतात. प्रत्येक वेळी वायर वाकते तेव्हा सांध्याजवळच्या तारांवर ताण येतो आणि एकेक तार तुटत जाते. हा ताण वाटून घेण्यासाठी सांध्यावर रबराचा निमुळता आधार दिलेला असतो. तो लांब, लवचीक आणि डबीत घट्ट बसलेला असेल तर वायर वर्षानुवर्षे टिकते. आधारच नसेल किंवा तो टणक असेल, तर वायर त्याच्या कडेवर मोडते. वायर हलवल्यावर आवाज येतो-जातो, हे तार तुटत असल्याचे पहिले लक्षण होय.

दुसरी जागा चार्जिंगचे छिद्र. जुन्या नमुन्यांतील मायक्रो-यूएसबी पिन एकाच बाजूने बसत असे आणि घाईत उलटी दाबली गेल्यास छिद्र ढिले होई. टाइप-सी पिन दोन्ही बाजूंनी बसते, त्यामुळे हा धोका कमी झाला. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून हेडफोन व इअरबड्ससह अनेक उपकरणांना टाइप-सी बंधनकारक केले. नेकबँड घेताना आता मायक्रो-यूएसबीचा जुना माल टाळलेलाच बरा.

तिसरी जागा बटणे. सततच्या दाबाने बटणावरील रबर सैल होते आणि त्या फटीतून घाम आत उतरतो. चौथी जागा कानाच्या बोंडावरची जाळी. कानातील मळ आणि धूळ साचून ती बुजते आणि एका बाजूचा आवाज मंद होतो. हा बिघाड नसून अस्वच्छता असते, पण तो बिघाड समजून नेकबँड फेकून दिला जातो. मऊ कोरड्या ब्रशने जाळी खाली धरून झाडल्यास आवाज अनेकदा पूर्ववत होतो. टाचणी खुपसल्यास मात्र आतला पडदा फाटतो.

पाचवी जागा बॅटरी. तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

घाम, पाऊस आणि खाडीची हवा

नवी मुंबई एका बाजूला ठाणे खाडी आणि दुसऱ्या बाजूला पारसिकच्या डोंगररांगा यांच्यामध्ये वसली आहे. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते आणि उरलेले आठ महिनेही खाडीवरून येणारी हवा दमट व खारट असते. पामबीच मार्गावर सकाळी धावणाऱ्याच्या मानेवरचा घामही खाराच. मीठ आणि ओलावा एकत्र आले, की धातूचा क्षय वेगाने होतो.

या पार्श्वभूमीवर वेष्टनावरील 'आयपी' मानांकन नीट वाचायला हवे. आंतरराष्ट्रीय विद्युत आयोगाच्या ६०५२९ क्रमांकाच्या मानकानुसार हे मानांकन दिले जाते. त्यातील पहिला अंक धुळीसाठी आणि दुसरा पाण्यासाठी असतो. अंकाच्या जागी 'एक्स' असेल तर ती चाचणी नोंदविलेली नाही, असा त्याचा अर्थ. 'आयपीएक्स४' म्हणजे सर्व दिशांनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण. 'आयपीएक्स५' म्हणजे ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला साडेबारा लिटर वेगाने येणाऱ्या पाण्याच्या झोतापासून संरक्षण. 'आयपीएक्स७' म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडूनही सुरक्षित. येथे एक बारकावा आहे. सातवा अंक मिळाला म्हणजे पाचवा आपोआप मिळाला, असे हे मानक मानत नाही. स्थिर पाण्यात बुडण्याची आणि झोताचा मारा सोसण्याची परीक्षा वेगवेगळी असते.

बाजारातील काही परिचित नमुन्यांची तुलना या कसोटीवर करता येते. रिअलमीच्या २०१९ मधील पहिल्या 'बड्स वायरलेस'ला आयपीएक्स४ मानांकन होते, तर २०२१ मधील 'बड्स वायरलेस २'ला आयपीएक्स५. सोनीच्या 'डब्ल्यूआय-सी१००'ला आयपीएक्स४ आहे. वनप्लसच्या 'बुलेट्स वायरलेस झेड' आणि 'झेड२' यांना आयपी५५, म्हणजे पाण्याबरोबर धुळीपासूनही बऱ्याच अंशी संरक्षण आहे. बोटच्या 'रॉकर्झ २५५ प्रो प्लस'ला आयपीएक्स७ आहे. ऑफिस आणि लोकल एवढाच वापर असणाऱ्याला आयपीएक्स४ पुरेसे होते. दुचाकीवरून पावसात फिरणाऱ्याने किंवा व्यायाम करणाऱ्याने पाच किंवा त्यापुढील अंक पाहावा. ठाणे-बेलापूर मार्गावरील धूळ रोज सोसणाऱ्याला पहिला अंक 'एक्स' नसलेला नमुना अधिक लाभाचा.

मात्र कोणतेही मानांकन घेताना दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. या चाचण्या गोड्या, स्वच्छ पाण्यात होतात. घाम, समुद्राचे पाणी, साबण किंवा अत्तर यांची परीक्षा त्यात नसते. दुसरे म्हणजे चाचणी नव्या कोऱ्या नमुन्याची होते. वर्षभराच्या वापरानंतर बटणाचे रबर आणि छिद्राचे झाकण सैल झाल्यावर तेच मानांकन कायम राहील, याची खात्री नसते.

पावसात भिजलेला नेकबँड घरी आल्याबरोबर चार्जिंगला लावणे, ही सर्वात घातक चूक. ओल्या छिद्रात वीज खेळली, की पिनांवर विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि हिरवट-काळा थर जमतो. एकदा पिना कुरतडल्या गेल्या, की नवीन छिद्र बसविल्याशिवाय उपाय नसतो. कोरड्या सुती कापडाने पुसून पंख्याखाली निदान काही तास ठेवून मगच चार्जिंग करावे. व्यायामानंतर ओलसर कापडाने घामाचे मीठ पुसून काढणेही तितकेच आवश्यक आहे.

आवरणाच्या पदार्थाचाही येथे विचार व्हावा. सिलिकॉन घाम व उष्णतेला दाद देत नाही, मात्र त्यावर धागे आणि धूळ चिकटते. कठीण प्लास्टिकवर मखमली स्पर्शासाठी रबरासारख्या रंगाचा थर दिलेले नमुने दुकानात आकर्षक दिसतात. पण दमट हवेत हा थर काही वर्षांत विघटित होऊन चिकट बनतो. कपाटातून काढलेली जुनी टॉर्च किंवा रिमोट हाताला चिकटतो, त्यामागेही अनेकदा हेच कारण असते. आमच्याकडच्या हवेत साधे, थर न दिलेले प्लास्टिक किंवा सिलिकॉन अधिक काळ चांगले राहते.

आणखी एक मुद्दा चुंबकांचा. दोन्ही बोंडे एकमेकांना चिकटावीत म्हणून त्यांच्या मागे चुंबक असतात. काही नमुन्यांत ती चिकटवली की नेकबँड बंद होतो आणि सोडवली की सुरू होतो. बॅटरी वाचविणारी ही सोय असली तरी चुंबक लोखंडाचे बारीक कण ओढून घेतात. कारखान्यात, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी बोंडे वरचेवर पुसावीत. नाहीतर हे कण जाळीत जाऊन आवाज फाटका होतो.

बॅटरीचे गणित

नेकबँडमध्ये लिथियम जातीची बॅटरी असते. तिची क्षमता सामान्यतः शंभर ते दोनशे मिलिअँपिअर-तास असते. अशी बॅटरी साधारण तीनशे ते पाचशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते, असा ढोबळ ठोकताळा आहे.

आता हिशेब करून पाहावा. एखादा प्रवासी रोज तीन तास नेकबँड वापरतो. एका चार्जिंगमध्ये बारा तास चालणारा नेकबँड त्याला दर चार दिवसांनी, म्हणजे वर्षाला सुमारे नव्वद वेळा चार्ज करावा लागेल. तीस तास चालणारा नेकबँड वर्षाला जेमतेम छत्तीस वेळा. म्हणजे चार्जिंगच्या संख्येचा विचार करता पहिल्याची बॅटरी तीन-चार वर्षे आणि दुसऱ्याची त्याहूनही कितीतरी अधिक टिकायला हवी. इअरबड्सच्या बोंडातील बॅटरी याहून खूप लहान असते आणि डबीत ठेवली, की दररोज चार्ज होते. त्यामुळे तिची क्षमता लवकर उतरते. टिकाऊपणाच्या दृष्टीने नेकबँडचा हा मोठा फायदा आहे.

असे असूनही नेकबँडच्या बॅटऱ्या दोन वर्षांत का बसतात? याचे उत्तर चार्जिंगच्या संख्येत नसून उष्णता आणि दुर्लक्ष यांत आहे. दुचाकीच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या मोटारीत ठेवलेला नेकबँड तापतो आणि बॅटरीचे रसायन लवकर म्हातारे होते. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन् महिने कपाटात पडून राहिली, तर तिचा दाब इतका खाली जातो, की सुरक्षेसाठी बसवलेली यंत्रणा तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. नेकबँड काही काळ वापरायचा नसेल तर अर्धा चार्ज करून ठेवावा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावा.

वेष्टनावरील 'तीस तास', 'चाळीस तास' हे आकडे बहुधा मध्यम आवाजावर, इतर सुविधा बंद ठेवून मोजलेले असतात. मोठा आवाज, सतत संभाषण आणि बाहेरचा गोंगाट कमी करणारी यंत्रणा सुरू असल्यास प्रत्यक्ष वेळ बराच कमी भरतो. ही अडचण कोणत्याही एका कंपनीची नाही. म्हणून तुलना करताना दोन्ही नमुन्यांचे आकडे एकाच अटीवर दिले आहेत ना, हे पाहावे.

बिघाड नसलेले बिघाड

वाशी किंवा ठाणे स्थानकात गर्दीच्या वेळी आवाज तुटू लागला, की नेकबँड खराब झाल्याचा समज होतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. वाय-फायही त्याच पट्ट्यात असते आणि एका डब्यात शेकडो उपकरणे एकाच वेळी बोलत असतात. शिवाय मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. मोबाइल पँटच्या मागच्या खिशात असेल तर शरीरच अडथळा बनते. मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवून पाहावा. आवाज सुधारला, तर नेकबँड निर्दोष समजावा.

दुरुस्ती की नवा?

येथे टिकाऊपणाच्या दोन बाजू परस्परांविरुद्ध जातात. पाणी आत जाऊ नये म्हणून डब्या चिकटवून किंवा वितळवून बंद केलेल्या असतात. जितके मानांकन उच्च, तितकी डबी उघडणे अवघड. ती उघडली, की पाण्यापासूनचे संरक्षण संपते. साधा स्वस्त नेकबँड कारागीर सहज उघडतो, बॅटरी बदलतो, तुटलेली वायर कापून पुन्हा झाळतो. महाग नेकबँडला ही मुभा नसते. युरोपीय संघाच्या नव्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लहान उपकरणांतील बॅटरी ग्राहकाला काढता यावी, असे बंधन आहे. त्याचा परिणाम जगभरातील घडणीवर होण्याची शक्यता आहे. भारतातही केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' हे संकेतस्थळ सुरू केले आहे.

तोवर ग्राहकाने साधा नियम पाळावा. वायर तुटणे, छिद्र ढिले होणे किंवा बॅटरी उतरणे यासाठीचा खर्च नव्या नेकबँडच्या किमतीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर दुरुस्ती करावी. मुख्य चिप गेली असेल तर नवा घ्यावा. वॉरंटीची मुदत संपण्यापूर्वी मात्र बाहेर उघडू नये, कारण उघडलेल्या वस्तूची वॉरंटी सहसा नाकारली जाते.

वॉरंटीच्या अटी खरेदीपूर्वीच वाचणे हिताचे. जाहिरातीत पाण्यापासून संरक्षणाचा उल्लेख असूनही पाण्याने झालेले नुकसान वॉरंटीतून वगळलेले असू शकते. तसेच तुटलेली वायर 'हाताळणीतील दोष' मानली जाऊ शकते. पक्के बिल हाती असेल तरच दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला असून त्यानुसार ग्राहकाला तो राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. ऑनलाइन खरेदी दुसऱ्या राज्यातील विक्रेत्याकडून झाली तरी हा हक्क राहतो. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

खरेदीपूर्वीची पाच मिनिटे

स्थानकाबाहेर किंवा दुकानात नेकबँड निवडताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. वायरचा सांधा बोटांनी हलकेच वाकवून पाहावा. रबराचा आधार वायरीबरोबर वळला पाहिजे.

२. पट्टी हळूच वाकवून सोडावी. ती लगेच मूळ आकारात यायला हवी. आतली तार टोचत असल्यास नमुना बदलावा.

३. मानेवर घालून डोके डावी-उजवीकडे फिरवावे. वायर ओढली गेली, तर ती तुमच्यासाठी आखूड आहे आणि रोजच्या ओढीने सांधा लवकर जाईल. दुचाकीस्वारांनी हेल्मेट घालूनच पाहावे.

४. वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचे नाव आणि निर्मितीचा महिना-वर्ष पाहावे. फार जुन्या मालातील बॅटरी न वापरताच काही अंशी म्हातारी झालेली असते.

५. वायरलेस इअरफोन भारतीय मानक ब्युरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. वेष्टनावरील 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. क्रमांकच नसेल तर स्वस्ताईचा मोह टाळावा.

६. वेगवेगळ्या आकारांची किमान तीन जोड रबरी बोळी सोबत असावीत. कानात नीट बसणारे बोळे बाहेरचा गोंगाट अडवते आणि आवाज वाढवावा लागत नाही.

शेवटचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. हीच मर्यादा ९० डेसिबलला आठवड्याला अवघ्या चार तासांवर येते. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी रोज जाता-येता आवाज वाढवणारा प्रवासी ही मर्यादा दोन दिवसांत ओलांडू शकतो. ढिले बोळे आणि बुजलेली जाळी या दोन क्षुल्लक गोष्टी त्याला कारण ठरतात. बिघडलेला नेकबँड बदलता येतो. कानाच्या आतल्या पेशी एकदा गेल्या, की त्या परत येत नाहीत. रूळ ओलांडणे हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ अन्वये गुन्हा आहेच, पण दोन्ही कान बंद करून तसे करणे जिवावर बेतू शकते.

निष्कर्ष

एकूण विचार करता नवी मुंबईतील रोजच्या प्रवाशासाठी लवचीक सिलिकॉन पट्टी, टाइप-सी छिद्र, किमान आयपीएक्स४ आणि शक्यतो आयपी५५ मानांकन, वीस तासांहून अधिक चालणारी बॅटरी व सांध्यावर लांब रबरी आधार, ही घडण सर्वाधिक व्यवहार्य ठरते. दिवसभर खुर्चीत बसून बैठका करणाऱ्याला कडक नाल अधिक काळ साथ देईल. खिशात ठेवून अधूनमधून वापरणाऱ्याला नुसत्या वायरीचा प्रकार पुरे. किंमत पाहताना दरमहाचा हिशेब करावा. बाराशे रुपयांचा नेकबँड वर्षभर टिकला तर महिन्याला शंभर रुपये पडतात. दोन हजारांचा अडीच वर्षे टिकला तर सहासष्ट. महाग वस्तू स्वस्त ठरते ती अशी, पण ती टिकली तरच.

आणि जेव्हा तो खरोखरच निकामी होईल, तेव्हा घंटागाडीतील ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. त्यातील लिथियम बॅटरी दाबली गेल्यास पेट घेऊ शकते आणि कचरा वाहनापासून तुर्भे येथील घनकचरा प्रकल्पापर्यंत कुठेही आग लागण्याचा धोका संभवतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम ऑगस्ट २०२२ मध्ये अधिसूचित झाले असून त्यानुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा कंपनीच्या सेवा केंद्रात तो जमा करणे हाच योग्य मार्ग होय.